गेममध्ये आवाजाची दिशा नेमकी कळावी म्हणून वेगळे साउंड कार्ड घ्यावे का?

सायंतारा

नमस्कार. मी काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंट हे दोन गेम नियमित खेळतो आणि गेले काही महिने एकाच अडचणीशी झगडतो आहे. प्रतिस्पर्ध्याच्या पावलांचा आवाज डावीकडून येतो की उजवीकडून, हे मला चटकन कळते. परंतु तो समोरून येतो आहे की पाठीमागून, वरच्या मजल्यावरून की खालच्या, याचा अंदाज वारंवार चुकतो. काउंटर-स्ट्राइकच्या 'न्यूक' या मॅपमध्ये ही उणीव फार जाणवते, कारण तिथे बॉम्ब प्लांट करण्याच्या दोन्ही साइट एकमेकींच्या वर-खाली आहेत आणि पावले ऐकू आल्यावर कुठे धावायचे हे ठरवायला क्षणभरच हाती असतो.

माझ्याकडे मदरबोर्डवरचाच रिअलटेकचा ऑडिओ आहे. हेडसेट वायरचा आहे. तो कधी कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये लावतो, तर कधी त्याच्यासोबत आलेल्या यूएसबी डोंगलला जोडतो. डोंगलवर ७.१ चे बटण आहे आणि ते मी चालूच ठेवतो. त्याशिवाय विंडोजमध्ये 'विंडोज सोनिक' सुरू आहे आणि व्हॅलोरंटमधला एचआरटीएफचा, म्हणजे हेडफोनमध्ये दिशा भासवण्याचा, पर्यायही. पुढच्या जॅकमधून ऐकताना ग्राफिक्स कार्डावर ताण आला की एक बारीक किरकिर ऐकू येते. माउस हलवला तरी ती बदलते.

ज्या दुकानातून संगणक जुळवून घेतला तिथे विचारले, तेव्हा पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसणारे सुमारे नऊ हजार रुपयांचे साउंड कार्ड घ्या, म्हणजे दिशा आपोआप स्पष्ट होतील, असे सांगण्यात आले. माझा एक मित्र मात्र ठामपणे म्हणतो की आजच्या काळात साउंड कार्डाचा दिशेशी काहीही संबंध उरलेला नाही. दिशा ठरवण्याचे काम नेमके कोण करते: गेम, विंडोज, कार्ड की हेडफोन? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तरंगलांबी

आपल्या मित्राचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे, पण आपल्या किरकिरीचा प्रश्न त्याने सुटत नाही. तो वेगळा आहे आणि त्याकडे नंतर येतो. आधी दिशेचा विचार करू.

प्रतिस्पर्धी कुठे उभा आहे, आपण कुठे उभे आहात आणि आपले तोंड कोणीकडे आहे, ही माहिती फक्त गेमच्या इंजिनाकडे असते. पाऊल वाजले की इंजिन त्या आवाजाचा कोन आणि अंतर काढते, मध्ये भिंत असेल तर तो किती दबेल हे ठरवते, आणि मग तो आवाज आपल्या दोन्ही कानांसाठी वेगवेगळा घडवते. या शेवटच्या टप्प्यालाच एचआरटीएफ म्हणतात. त्यानंतर साउंड कार्डाकडे जाते ती केवळ डाव्या आणि उजव्या कानासाठीची संख्यांची मालिका, साधारणतः प्रत्येक कानासाठी सेकंदाला ४८,००० संख्या. त्या संख्यांमध्ये पाऊल कोणते आणि पार्श्वसंगीत कोणते, हेसुद्धा कार्डाला वेगळे करता येत नाही. तेव्हा शत्रू वर आहे की खाली हे नऊ हजारांच्या कार्डालाही कळण्याचा मार्ग नाही.

कार्ड ती दिशा बिघडवू शकते का, हा पुढचा रास्त प्रश्न. अगदी बाजूने आलेला आवाज एका कानात दुसऱ्यापेक्षा सुमारे ०.६५ मिलिसेकंद आधी पोहोचतो. ४८,००० च्या हिशेबात हा फरक जवळपास ३१ संख्यांचा होतो. दोन्ही कानांच्या मालिका एकाच घड्याळावर चालत असल्यामुळे हा फरक अगदी स्वस्त कार्डावरही जसाच्या तसा टिकतो. दुसरा धागा आवाजाच्या पातळीचा. डोक्याच्या आडोशामुळे उंच स्वरांत दोन कानांमधला फरक २० डेसिबलच्या आसपास जातो. मदरबोर्डवरच्या साध्या ऑडिओतही एका कानाचा आवाज दुसऱ्यात झिरपतो तो मूळ आवाजापेक्षा ६० डेसिबल किंवा त्याहूनही खाली असतो, त्यामुळे तोही आड येत नाही.

आपली खरी अडचण समोर आणि मागे, वर आणि खाली यांतली आहे. बरोबर समोरून आणि बरोबर मागून येणारा आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी, एकाच पातळीने पोहोचतो. त्यांच्यातला भेद आपल्याला कळतो तो बाह्यकर्णाच्या वळ्यांमुळे: त्या वळ्या, विशेषतः ५,००० हर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात, काही स्वर दाबतात आणि काही उचलतात, आणि आवाज कोठून आला त्यानुसार हा ठसा बदलतो. एचआरटीएफ नेमका हाच ठसा कृत्रिमरीत्या उमटवते. तो फार नाजूक असतो आणि आपल्या मांडणीत त्याच्यावर आणखी दोन ठसे उमटत आहेत.

व्हॅलोरंट पावलांवर एचआरटीएफची प्रक्रिया करून दोन कानांसाठी तयार आवाज बाहेर देतो. मग विंडोज सोनिक तो आवाज खोलीत ठेवलेल्या दोन स्पीकरांतून आल्यासारखा पुन्हा घडवू पाहते. त्यानंतर डोंगलचे ७.१ तोच खटाटोप तिसऱ्यांदा करते. प्रत्येक थर आपापले स्वर दाबतो आणि उचलतो. शेवटी कानात जे पोहोचते त्यात मूळ ठसा ओळखण्याजोगा राहत नाही. आवाज मात्र विस्तीर्ण आणि घुमणारा झाल्यामुळे काहीतरी सुधारल्याचा भास होतो.

डोंगलच्या ७.१ मध्ये आणखी एक मूलभूत उणीव आहे. ७.१ ची मांडणी म्हणजे श्रोत्याभोवती कानाच्या उंचीवर ठेवलेले सात स्पीकर आणि एक सबवूफर. त्यात वरचा किंवा खालचा स्पीकर नाहीच. गेमने आपला आवाज या सात दिशांत वाटला की उंचीची माहिती तिथेच गळून पडते आणि पुढे कोणतेही कार्ड ती परत आणू शकत नाही. न्यूकमध्ये वरची पावले आणि खालची पावले एकसारखी वाटण्याला हे एक पुरेसे कारण आहे.

म्हणून खर्चाआधी एवढे करून पाहावे. विंडोजमध्ये स्पीकरची मांडणी स्टिरिओ ठेवावी, विंडोज सोनिक बंद करावे, डोंगलवरचे ७.१ बंद करावे आणि व्हॅलोरंटमधला एचआरटीएफ तेवढा चालू ठेवावा. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये हे काम तो गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचे स्टीम ऑडिओ हे सॉफ्टवेअर करते, तेव्हा तिथेही बाहेरचा थर नको. उलट, ज्या गेमला स्वतःची अशी सोय नाही पण जो ७.१ आवाज देऊ शकतो, त्याच्यासाठी विंडोज सोनिक किंवा डॉल्बी ॲटमॉस यांपैकी एक जरूर वापरावे. प्रक्रिया एकदाच व्हावी, एवढेच पाहायचे.

जुनाखेळाडू

वरील विवेचन अचूक आहे. त्यात थोडा इतिहास जोडतो, कारण दुकानात आपल्याला जे सांगितले गेले ते एके काळी अक्षरशः खरे होते, आणि तो समज आजही का टिकून आहे हे त्यावरून उमगेल.

१९९८ च्या सुमारास दिशेचे गणित साउंड कार्डच करीत असे. ऑरियल या अमेरिकी कंपनीचे ए३डी तंत्र तेव्हा सर्वांच्या तोंडी होते. त्याची मुळे क्रिस्टल रिव्हर इंजिनिअरिंग या कंपनीत होती, जिने नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी हेडफोनमधून त्रिमितीय आवाज निर्माण करणारी यंत्रणा घडवली होती. ऑरियलच्या व्हॉर्टेक्स २ या चिपवर चालणारे ए३डी २.० तर नकाशातल्या भिंतींची भूमितीही विचारात घेत असे: आवाज कोणत्या भिंतीवर आपटून परततो आणि कोणत्या भिंतीमागे दबतो, हे कार्ड खेळ चालू असताना मोजत असे. हाफ-लाइफ या गेमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ए३डी आणि ईएएक्स असे दोन स्वतंत्र पर्याय होते, ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना आठवत असतील. ईएएक्स हे साउंड कार्ड बनवणाऱ्या क्रिएटिव्ह कंपनीचे तंत्र. त्याचा भर जागेच्या घुमाऱ्यावर होता. गुहा, हँगर, दगडी बोळ अशा ठरावीक जागांचे घुमारे त्यात तयार मिळत आणि गेम त्यांतून निवड करी.

हे काम कार्डाकडे का सोपवावे लागे, याचा साधा हिशेब मांडतो. समजा, एका आवाजावर एचआरटीएफ लावण्यासाठी प्रत्येक कानाला १२८ गुणाकार लागतात. दोन कान आणि सेकंदाला ४४,१०० नमुने (वर ज्यांना संख्या म्हटले तेच) धरले तर एका आवाजाला सेकंदाला सुमारे १ कोटी १३ लाख गुणाकार होतात. असे १६ आवाज एकाच वेळी वाजत असतील तर १८ कोटी. त्या काळचा ३०० मेगाहर्ट्झचा पेंटियम २ प्रोसेसर सेकंदाला ३० कोटी ठोके देत असे आणि त्यातच त्याला गेमही चालवायचा असे. त्यामुळे स्वतंत्र चिपला पर्याय नव्हता. आजच्या प्रोसेसरचा एक गाभाही एका ठोक्यात अनेक गुणाकार करतो आणि सेकंदाला कित्येक अब्ज ठोके देतो. हा सारा भार त्याच्या खिजगणतीतही नसतो.

पुढची हकिगत मला आजही सलते. क्रिएटिव्हने ऑरियलवर पेटंटचा दावा लावला. १९९९ मध्ये निकाल ऑरियलच्या बाजूने लागला, पण खटल्याच्या खर्चाने कंपनी मोडकळीला आली, २००० मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिची मालमत्ता क्रिएटिव्हनेच विकत घेतली. ए३डीचा विकास तिथेच थांबला. त्यानंतर २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आली. तिच्यात मायक्रोसॉफ्टने आवाजाची रचना मुळापासून बदलली आणि डायरेक्टसाउंडला, म्हणजे गेम ज्यातून आवाज पाठवत त्या विंडोजच्या भागाला, कार्डाच्या हार्डवेअरशी जोडणारा थेट दुवा काढून टाकला. जुन्या गेममधले ईएएक्स एका रात्रीत मुके झाले. क्रिएटिव्हला ते ओपनएएल या दुसऱ्या ध्वनी-प्रणालीच्या वाटेने पुन्हा चालवण्यासाठी अल्केमी नावाचे वेगळे सॉफ्टवेअर द्यावे लागले. त्यानंतर नवे गेम आवाजाचे सारे मिश्रण प्रोसेसरवरच करू लागले.

भूमितीवरून आवाज मोजण्याची कल्पना मात्र परतली. व्हॉल्व्हने २०१७ मध्ये स्टीम ऑडिओ खुले केले, त्यात भिंतींवरचे परावर्तन आणि आडोसा हे दोन्ही आहे. माझ्याकडे विंडोज ९८ चा एक संगणक व्हॉर्टेक्स २ कार्डासह अजून चालू आहे, आणि त्यावर हाफ-लाइफ ऐकताना एवढ्या जुन्या यंत्राने दिशा इतकी स्वच्छ कशी दिली असेल, याचे मला दर वेळी अप्रूप वाटते. जुने गेम त्यांच्या मूळ आवाजात ऐकायचे असतील तरच जुने कार्ड शोधावे. आपल्या दोन गेमसाठी त्याचा उपयोग नाही.

सायंतारा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे सगळे थर बंद केले. आवाज आधी कोरडा आणि डोक्याच्या फार जवळ वाटला, परंतु व्हॅलोरंटमध्ये मागून येणारी पावले आता बरीच ओळखू येतात. न्यूकमध्ये वर-खालीचा गोंधळ कमी झाला असला तरी पूर्ण गेलेला नाही. यापुढे मी काय करावे? एका मित्राने रिअलटेकच्या ड्रायव्हरमधले 'लाउडनेस इक्वलायझेशन' चालू करण्याचा सल्ला दिला आहे, त्याने पावले मोठी ऐकू येतात म्हणे. तेही योग्य आहे का?

श्रवणवेध

मी श्रवणशास्त्राच्या क्षेत्रात काम करते, म्हणून कानाच्या बाजूने उत्तर देते.

गेममध्ये जी एचआरटीएफ असते ती आपल्या कानांची नसते. अशी मोजमापे एखाद्या माणसाच्या किंवा पुतळ्याच्या कानात सूक्ष्म मायक्रोफोन बसवून घेतली जातात. एमआयटीच्या मीडिया लॅबने १९९४ मध्ये केमार नावाच्या पुतळ्यावर घेतलेली मोजमापे तर जगभर वापरली गेली. बाह्यकर्णाच्या वळ्या बोटांच्या ठशांसारख्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. परक्या कानाच्या मोजमापांतून ऐकताना डावे-उजवे ठीक राहते, पण समोर-मागे आणि वर-खाली यांत चुका वाढतात. आपल्याला नेमका तोच अनुभव येतो आहे, आणि कार्ड किंवा हेडफोन बदलून त्याचे मूळ कारण नाहीसे होणार नाही.

यातली आशादायक गोष्ट अशी की मेंदू नवा कान शिकतो. नेदरलँड्समधील नायमेखन येथील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही व्यक्तींच्या बाह्यकर्णात साचे बसवून त्यांचा आकार बदलला. त्यांची उंची ओळखण्याची क्षमता तत्काळ ढासळली, पण साचे घालूनच दैनंदिन व्यवहार करीत राहिल्यावर काही आठवड्यांत ती हळूहळू परत आली. साचे काढल्यावर त्यांना आपल्या मूळ कानांनीही पूर्वीसारखेच नीट ऐकू येत होते. म्हणून माझा आग्रह असा की आता जी मांडणी ठरली आहे ती काही आठवडे अजिबात बदलू नये. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ध्वनीचे वेगवेगळे ईक्यू प्रोफाइल (कोणते स्वर उचलायचे, कोणते दाबायचे याचे तयार पर्याय) आहेत, तेही रोज बदलून पाहण्याचा मोह टाळावा. एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दुसरे असे केल्यास मेंदूला शिकण्यासाठी स्थिर काहीच मिळत नाही.

दरम्यान एक उपाय लगेच करता येईल. प्रत्यक्ष जीवनात समोर-मागे याबद्दल संभ्रम झाला की आपण नकळत मान वळवतो. गेममध्ये तेच काम माउसने होते. पाऊल ऐकू येताच नजर थोडी उजवीकडे फिरवावी: आवाज डाव्या कानाकडे सरकला तर तो समोर आहे, उजव्या कानाकडे सरकला तर मागे. ही खूण दोन कानांतल्या फरकावर चालते, त्यामुळे एचआरटीएफ परक्या कानाची असली तरी ती फसत नाही. वर-खाली ओळखण्यास मात्र ती मदत करत नाही; न्यूकसारख्या ठिकाणी पाऊल पत्र्यावर पडले की काँक्रीटवर, शिडीचा आवाज आला का, यांवर लक्ष ठेवणे अधिक उपयोगी.

लाउडनेस इक्वलायझेशनबद्दल: ते हळू आवाज वर उचलते आणि मोठा आवाज खाली दाबते. पावले ठळक होतात हे खरे, पण अंतर कळण्याचा मोठा आधार म्हणजे आवाजाची पातळी, आणि तीच सपाट होते. दूरचा आणि जवळचा शत्रू सारखाच वाजू लागतो. गोळीबारानंतर सगळा आवाज क्षणभर खाली जाऊन पुन्हा वर येतो, तेव्हा पावलांचा माग तुटतो. ज्यांना ऐकण्यात काही उणीव आहे त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे. आपल्याला तशी गरज दिसत नाही.

कोकणकडा

याच संदर्भात एक छोटा प्रश्न. माझा हेडसेट ब्लूटूथचा आहे. गाणी ऐकताना आवाज उत्तम असतो, पण गेममध्ये मित्रांशी बोलण्यासाठी माइक सुरू केला की आवाज चिरका होतो आणि दिशा पार नाहीशी होते. हा दोष कार्डाचा आहे का?

तरंगलांबी

नाही, हा पारंपरिक ब्लूटूथचा स्वभाव आहे. माइक सुरू होताच हेडसेट गाण्यांची पद्धत सोडून फोनवरच्या संभाषणाच्या पद्धतीत जातो, आणि तीत आवाज एकाच वाहिनीचा, म्हणजे मोनो होतो. सेकंदाला नमुनेही ८,००० किंवा १६,००० च उरतात, त्यामुळे ८,००० हर्ट्झच्या वरचे काहीच पोहोचत नाही. डावे-उजवेच नाही तिथे वर-खाली कुठून असणार? एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत ही मर्यादा दूर करण्याची सोय आहे, परंतु हेडसेट आणि संगणक या दोघांनीही ती उचललेली असावी लागते. तोवर बोलण्यासाठी वेगळा यूएसबी माइक वापरावा आणि विंडोजमध्ये त्या हेडसेटचा माइक बंद ठेवावा, म्हणजे तो संभाषणाच्या पद्धतीत जाणार नाही.

आता सायंतारा यांची किरकिर. माउस हलवल्यावर किंवा ग्राफिक्स कार्डावर ताण आल्यावर बदलणारा आवाज हा संगणकाच्या आतल्या विद्युत हालचालींचा आहे. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकपर्यंत जी बारीक वायर जाते ती बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाच्या जवळून जाते आणि वाटेत हा गोंगाट उचलते. याचा दिशेशी अप्रत्यक्ष पण खरा संबंध आहे: दूरची पावले मुळातच मंद असतात, आणि उंचीचा ठसा ज्या उंच स्वरांत असतो तेच स्वर अशा किरकिरीखाली झाकले जातात. वेगळे कार्ड इथे उपयोगी पडू शकते, पण त्याआधी हेडसेट मागच्या, मदरबोर्डवरच्या जॅकमध्ये लावून पाहावा. बऱ्याच संगणकांत एवढ्यानेच किरकिर थांबते.

जॅक पूर्ण आत बसला आहे ना, तेही पाहावे. तो अर्धवट बसून सामाईक ग्राउंडचा स्पर्श सुटला तर दोन्ही कानांत डाव्या-उजव्यातला फरक तेवढाच ऐकू येतो: मधोमध असलेले आवाज विरून जातात, घुमारा मात्र राहतो आणि समोरची पावले जवळपास नाहीशी होतात. एक्स्टेन्शन वायर जुनी झाली की हा दोष हमखास दिसतो.

मागच्या जॅकवरही किरकिर राहिली, तर पीसीआय एक्स्प्रेस कार्डाऐवजी बाहेर ठेवता येणारा साधा यूएसबी डॅक (संख्यांचे आवाजाच्या विद्युत संकेतात रूपांतर करणारे छोटे उपकरण) घ्यावा, कारण तो कॅबिनेटमधल्या गोंगाटापासून दूर असतो. त्यासाठी नऊ हजार लागत नाहीत. तूर्त आपला डोंगलही ७.१ बंद करून हेच काम करू शकेल. त्यावर किरकिर येत नसेल तर नवे काही घेण्याची गरजच नाही. पुढेमागे २५० ओहमचा (म्हणजे जास्त विद्युत रोधाचा) स्टुडिओ हेडफोन घ्यायचे ठरले तर मात्र त्याला पुरेसा जोर देणारा ॲम्प्लिफायर लागेल, आणि तेव्हा चांगल्या डॅकवर किंवा कार्डावर केलेला खर्च सार्थकी लागेल. आपला हेडसेट ३२ ओहमच्या आसपासचा असेल तर मदरबोर्ड त्याला सहज चालवतो.